परदेशातून आलेल्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल जुळत नाही, चार्जर बसत नाही, खोक्यात वस्तू कमी वाटतात: काय तपासायचं

तक्रार दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत येते. अमेरिकेहून भावाने कॅमेरा आणला, त्यावर ‘रेबेल टी७’ लिहिलंय आणि इथे त्या नावाचं मॅन्युअल सापडत नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातून वापरलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतली, मेनू जपानीत आहे आणि भाषा बदलायचा पर्याय कुठेच दिसत नाही. मॅन्युअलमधल्या चित्रात चार्जरला वायर आहे, खोक्यातल्या चार्जरला नाही. व्हिडिओ शिकवणारा सेकंदाला पंचवीस आणि पन्नास फ्रेम निवडतो, आपल्या मेनूत तीस आणि साठच दिसतात.

अशा वेळी लोकांचा संशय आधी दुकानदारावर जातो, मग आणणाऱ्या नातेवाइकावर, आणि शेवटी कॅमेऱ्यातच बिघाड आहे असं ठरवून ते सर्व्हिस सेंटर गाठतात. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. कॅमेरा ठीक असतो, वस्तूही पूर्ण असतात. तो दुसऱ्या बाजारपेठेसाठी बनवलेला असतो आणि आपण तिसऱ्याच बाजारपेठेचं मॅन्युअल वाचत असतो. म्हणून काहीही विकत घेण्याआधी आणि कुणाशीही भांडण्याआधी एक प्रश्न सोडवायचा: हा कॅमेरा कुठल्या देशासाठी पॅक झाला होता? त्याचं उत्तर मिळालं की बाकीचे प्रश्न भराभर सुटतात.

आधी नाव ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ कॅननच्या नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरमध्ये (लेन्स बदलता येणाऱ्या, आरशाच्या कॅमेऱ्यांमध्ये) होतो, कारण कॅननने या मालिकेला जगाच्या तीन भागांत तीन नावं दिली. उत्तर अमेरिकेत ‘रेबेल’, जपानमध्ये ‘किस’ आणि बाकी जगात आकडा. २००३ सालचा ३००डी अमेरिकेत ‘डिजिटल रेबेल’ होता आणि जपानमध्ये ‘किस डिजिटल’. ७००डी म्हणजे रेबेल टी५आय म्हणजे किस एक्स७आय. इथपर्यंत निदान आशिया आणि युरोप एकाच आकड्यावर होते. २०१८ मध्ये तेही सुटलं. आपल्याकडे १५००डी म्हणून विकला गेलेला कॅमेरा युरोपात २०००डी आहे, अमेरिकेत रेबेल टी७ आणि जपानमध्ये किस एक्स९०. आपला ३०००डी युरोपात ४०००डी झाला. पुढच्या वर्षी आलेला आपला २००डी मार्क टू युरोपात २५०डी, अमेरिकेत रेबेल एसएल३ आणि जपानमध्ये किस एक्स१० आहे.

त्यामुळे ‘२०००डी हा १५००डीपेक्षा वरचा असणार’ असं समजून जर्मनीहून २०००डी मागवणारे लोक भेटतात. तो तोच कॅमेरा आहे. सेन्सर तोच, बॅटरी तीच एलपी-ई१०, मेनूही तोच. मॅन्युअलच्या मुखपृष्ठावरचं नाव वेगळं आणि आतली काही पानं वेगळी, इतकाच फरक.

पॅनासॉनिकही हेच करतं. युरोपातला जीएक्स८० अमेरिकेत जीएक्स८५ आहे, जपानमध्ये जीएक्स७ मार्क टू. टीझेड१०० अमेरिकेत झेडएस१०० आणि जपानमध्ये टीएक्स१. निकॉन डिजिटलमध्ये नावं बहुतेक एकच ठेवतं, पण घरात फिल्म कॅमेरा असेल तर लक्षात ठेवा: अमेरिकेतला एन८० म्हणजे बाकी जगातला एफ८०. मिनोल्टाचा १९८५ चा गाजलेला ऑटोफोकस कॅमेरा उत्तर अमेरिकेत मॅक्सम ७०००, जपानमध्ये अल्फा-७००० होता. ऑलिंपसचा ‘म्यू’ अमेरिकेत ‘स्टायलस’ या नावाने विकला गेला. आजोबांच्या कपाटातून असा कॅमेरा निघाला आणि मॅन्युअल सापडत नसेल, तर दुसऱ्या नावाने शोधा. बहुतेक वेळा लगेच मिळतं.

नाव कुठे बघायचं? समोरच्या पट्टीवर असतं, पण वापरलेल्या बॉडीत ती बदललेली असू शकते. तळाची पट्टी अधिक भरवशाची. सगळ्यात सोपं म्हणजे एक फोटो काढा, संगणकावर घ्या आणि फाइलच्या माहितीत कॅमेऱ्याचं नाव वाचा. कॅननच्या या मालिकेत फोटोच्या फाइलमध्ये त्या बाजारपेठेचं नावच लिहिलं जातं. बॉडीवर ‘१५००डी’ आणि फाइलमध्ये ‘किस एक्स९०’ असेल, तर बाहेरचा भाग बदलला गेलाय एवढं पक्कं. विकणाऱ्याला तिथेच विचारा.

याच कारणाने आणखी एक अडचण येते. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) उघडणारी काही मोफत सॉफ्टवेअर कॅमेरा नावावरून ओळखतात आणि एकाच कॅमेऱ्याच्या वेगवेगळ्या नावांची यादी ठेवतात. नवं मॉडेल असेल आणि तुमच्याकडचं नाव यादीत चढलं नसेल, तर मित्राच्या १५००डीची रॉ फाइल उघडते आणि तुमची उघडत नाही. सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती टाकून बघा. कार्ड किंवा सेन्सरवर शंका घ्यायची गरज नाही.

सोनीत मॉडेलचं नाव एकच असतं, पण शेपटीची अक्षरं बघावी लागतात. आयएलसीई-६४०० ही नुसती बॉडी, ६४००एल म्हणजे सोबत १६-५० लेन्स, ६४००एम म्हणजे १८-१३५. भारतासाठी पॅक झालेल्या खोक्याच्या लेबलवर ‘आयएन५’ असा शेवट दिसतो. पॅनासॉनिकच्या खोक्यावर ‘ईबी’ म्हणजे ब्रिटन, ‘जीएन’ म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, ‘जीडब्ल्यू’ आपल्याकडच्या मालावर दिसतं.

खोकं नसेल तर मेनूत शिरा. कॅननमध्ये पान्याच्या चिन्हाखाली ‘सर्टिफिकेशन लोगो’ नावाची नोंद असते, निकॉनमध्ये ‘कन्फॉर्मिटी मार्किंग’. तिथे आणि तळाच्या पट्टीवर कुठल्या देशांच्या खुणा आहेत ते बघा. चार्जर आणि बॅटरीवरच्या खुणा तर आणखी बोलक्या असतात: जपानची पीएसई, युरोपची सीई, कोरियाची केसी, चीनची सीसीसी. भारतासाठी आयात झालेल्या अडॅप्टर आणि बॅटरीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. एकाच वस्तूवर अनेक देशांच्या खुणा असतात, त्यामुळे एखादी खूण आहे म्हणून कॅमेरा तिथलाच असं ठरवू नका. भारताची खूण अजिबात नसेल, तर मात्र तो इथल्या अधिकृत आयातीतला नसण्याची शक्यता दाट आहे.

‘सोबत मिळणाऱ्या वस्तू’ हे पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

प्रत्येक मॅन्युअलच्या सुरुवातीला खोक्यातल्या वस्तूंचं पान असतं. लोक त्यातली चित्रं बघतात आणि खालच्या बारीक टिपा सोडून देतात. उत्तर नेमकं त्या टिपांमध्ये असतं.

१५००डीचंच उदाहरण घ्या. त्या पानावर चार्जर ‘एलसी-ई१० किंवा एलसी-ई१०ई’ असा लिहिलेला आहे आणि टीप सांगते की ‘ई’वाल्यासोबत वायर येते. अमेरिका-जपानच्या खोक्यात साधा एलसी-ई१० असतो. त्याच्या पाठीला दुमडणाऱ्या दोन चपट्या पिना असतात आणि तो थेट भिंतीत लागतो, म्हणून त्याला वायर नाहीच. युरोप आणि भारतात ‘ई’वाला, सुट्या वायरीचा चार्जर येतो. हेच एलसी-ई६ आणि एलसी-ई६ई, एलसी-ई१७ आणि एलसी-ई१७ई या जोड्यांत आहे. म्हणजे अमेरिकेच्या खोक्यात वायर नसेल तर ती हरवलेली नाही.

त्याच पानावर असंही लिहिलंय की कॅमेऱ्यासोबत इंटरफेस केबल (संगणकाला जोडायची) आणि एचडीएमआय केबल (टीव्हीला जोडायची) येत नाही. ही गोष्ट सगळ्या देशांत सारखी आहे. तरी ‘दुकानदाराने केबल काढून घेतली’ ही तक्रार थांबत नाही, कारण जुन्या मॉडेलांच्या खोक्यात ती असायची आणि लोकांना ती आठवते. लेन्सच्या हूडचंही (बाजूचा उजेड अडवायला लेन्सच्या पुढे लावायच्या कड्याचं) तसंच. कॅननच्या महागड्या एल मालिकेच्या लेन्ससोबत हूड आणि पिशवी येते, साध्या लेन्ससोबत येत नाही. ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घेतली तर ईएस-६८ हूड वेगळा विकत घ्यावा लागतो. निकॉनच्या ५० मिमी एफ/१.८जी सोबत एचबी-४७ हूड खोक्यातच असतो. दोन मित्रांनी दोन कंपन्यांच्या लेन्स घेतल्या आणि एकालाच हूड मिळाला, यात फसवणूक नाही.

उलट बाजूही आहे. आपल्याकडच्या किटमध्ये बॅग आणि मेमरी कार्ड अनेकदा मिळतं. ते इथल्या आयातदाराने किंवा विक्रेत्याने घातलेलं असतं, मूळ मॅन्युअलच्या यादीत त्याचा उल्लेख नसतो. दुबईहून तोच कॅमेरा आला आणि बॅग नव्हती, तर मागायला जागा नाही.

किटमधली लेन्स मात्र नीट तपासा, कारण तिथे फरक खरोखर पैशांचा असतो. युरोपात २०००डी दोन वेगवेगळ्या १८-५५ लेन्ससोबत विकला गेला: एक आयएस टू, म्हणजे हात हलला तरी सावरून घेणारी, आणि दुसरी ‘डीसी थ्री’, जिच्यात ती सोय नाही. आकार सारखा, आकडे सारखे. लेन्सच्या पुढच्या कड्यावर ‘इमेज स्टॅबिलायझर’ लिहिलंय का आणि बाजूला त्याचं बटण आहे का, ते बघा. मॅन्युअलमध्ये त्या बटणाचं पान असेल आणि तुमच्या लेन्सवर बटण नसेल, तर बटण तुटलेलं नाही. तुमच्याकडे दुसरी लेन्स आहे.

चार्जर: पिना आणि व्होल्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

‘अमेरिकेचा चार्जर आहे, ११० व्होल्टचा, इथे लावला तर जळेल’ ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात आहे. ती पूर्वीच्या मिक्सर-इस्त्रीपासून आलेली आहे आणि त्या वस्तूंबाबत ती खरीच होती. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, आपल्याकडे २३०. पण कॅमेऱ्याच्या बॅटरीचे मूळ चार्जर गेली कित्येक वर्षं सगळ्या जगासाठी एकच बनतात. चार्जर उलटा करा आणि ‘इनपुट’ शब्दापुढचं वाचा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर तो इथे निर्धास्त चालतो. कन्व्हर्टर किंवा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका. त्याचा उपयोग नाही, आणि स्वस्तातले कन्व्हर्टर इलेक्ट्रॉनिक चार्जरला त्रासच देतात.

उरतो तो पिनांचा प्रश्न. चार्जरला सुटी वायर असेल तर अडॅप्टरही लागत नाही. चार्जरमधली ती आठच्या आकड्यासारखी खाच जगभर एकाच मापाची आहे. पूर्वी टेपरेकॉर्डरला लागायची तीच वायर. ब्रिटनहून आलेल्या चार्जरच्या वायरीला फ्यूजवाला मोठा तीन पिनांचा प्लग असेल, तर ती बाजूला ठेवा आणि कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून आयएसआय खुणेची भारतीय दोन पिनांची आठ-आकाराची वायर घ्या. चार्जर तोच, वायर इथली. यापेक्षा चांगला उपाय नाही.

दुमडणाऱ्या चपट्या पिनांच्या चार्जरला अडॅप्टर लागतो. आपल्या मल्टिसॉकेटमध्ये चपट्या पिना जातात, पण सैल बसतात. सैल पिन ठिणगी टाकते, चार्जरचा दिवा चालू-बंद होत राहतो आणि लोक म्हणतात ‘बॅटरी गेली’. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, हे जास्त होतं. चार्जरचा दिवा विचित्र लुकलुकत असेल तर बॅटरी बदलण्याआधी घट्ट बसणारा अडॅप्टर वापरून बघा. निकॉनच्या भिंतीत लावायच्या अडॅप्टरवर काही देशांत एक वेगळी प्लगची टोपी दिलेली असते. मॅन्युअल स्पष्ट सांगतं की ज्या देशात लागते तिथेच ती मिळते आणि तिचा आकार खरेदीच्या देशावर ठरतो.

आता अपवाद, आणि हे खरोखर सांभाळा. कॅमेऱ्याचा चार्जर सगळीकडे चालतो म्हणून बाजूच्या सगळ्या वस्तू चालतील असं नाही. विजेवर चालणारे स्टुडिओ फ्लॅश, जुने स्लाइड प्रोजेक्टर, जपान किंवा तैवानमधून आणलेलं आर्द्रतारोधक कपाट, पेन्सिल सेलचे काही जुने चार्जर: यांवर नुसतं ‘१०० व्होल्ट’ किंवा ‘११०-१२० व्होल्ट’ लिहिलेलं असू शकतं. असं असेल तर थेट लावू नका. त्या वस्तूच्या वॅटपेक्षा जास्त क्षमतेचा, २३० चे ११० करणारा खरा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि स्टुडिओ फ्लॅशसाठी तो जड आणि महाग पडतो. अनेकदा ती वस्तू विकून इथली घेणं परवडतं.

खोक्यात चार्जरच नाही

गेल्या काही वर्षांत ही नवी तक्रार आली आहे, आणि ती वाढत जाणार. युरोपीय संघाने २०२२ मध्ये सामाईक चार्जरचा नियम केला (निर्देश २०२२/२३८०) आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तो डिजिटल कॅमेऱ्यांनाही लागू झाला. तारेने चार्ज होणाऱ्या नव्या कॅमेऱ्याला यूएसबी-सी हवंच, आणि ग्राहकाला चार्जरशिवाय कॅमेरा घेता आला पाहिजे. त्यासाठी युरोपातल्या खोक्यावर एक चित्र असतं: चार्जर आत आहे की नाही ते त्यात दाखवलेलं असतं, नसेल तर प्लगवर काट मारलेली असते. शेजारी किती वॅटचा चार्जर लागेल तेही छापलेलं असतं. पुतण्याने हॉलंडहून कॅमेरा पाठवला आणि चार्जर नाही, तर आधी खोक्यावरचं ते चित्र बघा.

मग फोनचा चार्जर लावायचा. तिथे दोन अडथळे येतात. पहिला, कॅननच्या ईओएस आरसारख्या काही बॉडी साध्या यूएसबीवर चार्ज होत नाहीत. त्यांना पॉवर डिलिव्हरी म्हणजे पीडी प्रकारचाच चार्जर आणि दोन्ही बाजूंना सी असलेली वायर लागते. दुसरा अडथळा बॅटरीचा, आणि वापरलेल्या कॅमेऱ्यांत हा फार फसवतो. कॅननची जुनी एलपी-ई६ कॅमेऱ्यात ठेवून यूएसबीने चार्ज होत नाही. एलपी-ई६एन किंवा एनएच लागते. निकॉनमध्ये ईएन-ईएल१५ आणि १५ए आत चार्ज होत नाहीत, १५बी आणि १५सी होतात. सगळ्या एकाच आकाराच्या, सगळ्या कॅमेऱ्यात बसतात, कॅमेराही चालतो. फक्त चार्ज होत नाही आणि लोक पोर्ट दुरुस्तीला देतात. बॅटरी काढा, तिच्यावरचं शेवटचं अक्षर वाचा. जुनी असेल तर सुटा चार्जर घ्या, कॅमेरा उघडू देऊ नका.

मेनू जपानीत अडकलाय

इथे कंपनीप्रमाणे उत्तर बदलतं. कॅनन आणि निकॉनच्या बहुतेक जपानी बॉडींत जपानी आणि इंग्रजी दोन्ही असतात, त्यामुळे सुटका आहे. मोड डायल आधी ‘पी’वर न्या, कारण कॅननच्या सोप्या मोडमध्ये मेनूचे काही भाग लपलेले असतात. मग पान्याच्या चिन्हाच्या पानांत शिरा. कॅननमध्ये भाषेच्या नोंदीपुढे बोलण्याच्या फुग्याचं चिन्ह असतं. निकॉनमध्ये जपानी शब्दासोबत कंसात ‘लँग्वेज’ हा इंग्रजी शब्द असतो.

सोनी आणि पॅनासॉनिकच्या जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या अनेक बॉडींत मात्र जपानीच भाषा असते. नोंदच नाही, तर शोधून सापडणार कुठून? रीसेट करून किंवा अपडेट टाकून ती येत नाही. काही जुन्या सोनी मॉडेलांवर चालणारं अनधिकृत सॉफ्टवेअर आहे, पण नव्या बॉडींवर त्याचा उपयोग नाही आणि काही बिघडलं तर कुणी जबाबदारी घेणार नाही. म्हणून ऑनलाइन स्वस्त सोनी दिसली की पैसे देण्याआधी मेनूतल्या भाषांच्या यादीचा फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

आधीच घेतली असेल तर निराश होऊ नका. त्याच मॉडेलचं इंग्रजी मॅन्युअल उतरवा. नोंदींचा क्रम आणि चिन्हं जवळपास तीच असतात, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून चालता येतं. फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपचा कॅमेरा मेनूवर धरला की कामापुरता अर्थ लागतो. एकदा बसून रोजच्या वापरातल्या गोष्टी ‘माय मेनू’त आणि बटणांवर लावून टाका. त्यानंतर मेनूत शिरायची वेळ क्वचित येते. लग्नाची कामं करणारे फोटोग्राफर अशा बॉडी सराईतपणे वापरतात.

भाषेच्या बाबतीत आनंदाची एक गोष्ट आवर्जून सांगतो. निकॉनच्या कूलपिक्स मालिकेतल्या अनेक कॅमेऱ्यांत, पक्षी बघणाऱ्यांच्या आवडत्या पी९०० मध्येसुद्धा, मेनूसाठी मराठी भाषा आहे. भिगवणला फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या कितीतरी लोकांच्या गळ्यात हा कॅमेरा असतो आणि त्यांना हे ठाऊक नसतं. सेटअपमध्ये भाषेच्या यादीत खाली जाऊन बघा. घरातल्या ज्येष्ठांना कॅमेरा द्यायचा असेल तर ही सोय मोठी आहे.

पंचवीस-पन्नास दिसत नाही, तीस-साठच आहे

एनटीएससी आणि पाल या टीव्हीच्या दोन जुन्या पद्धती: पहिलीत सेकंदाला तीस-साठ फ्रेम, दुसरीत पंचवीस-पन्नास. अमेरिका आणि जपानसाठी पॅक झालेला कॅमेरा एनटीएससीवर लावून येतो, भारत आणि युरोपचा पालवर. १५००डीमध्ये हे सेटअपमधल्या ‘व्हिडिओ सिस्टिम’मधून बदलतं आणि लगेच पंचवीस-पन्नासचे पर्याय दिसू लागतात. काही जुन्या सोनी बॉडींत मात्र हा बदल फक्त पाल बाजारपेठेच्या मॉडेलांतच आहे. अमेरिकेच्या आणि जपानच्या बॉडीत नोंदच नसते. जिथे आहे तिथे बदलल्यावर कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला सांगतं. आधी कार्ड रिकामं करून घ्या.

याचा प्रत्यक्ष त्रास कुठे होतो? आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. साठ फ्रेमवर १/६० शटरने हॉलमध्ये शूट केलं की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात आणि सेन्सर खराब आहे असं वाटतं. एनटीएससीतच अडकला असाल तर तीस फ्रेम ठेवा आणि शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करा. पट्टे जातात. शटर स्वयंचलित ठेवू नका.

युरोपच्या काही बॉडींवर व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतो. तो बिघाड नाही, गरम होणंही नाही. युरोपच्या सीमाशुल्कात सलग तीस मिनिटं किंवा जास्त चित्रण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जाई आणि त्यावर वेगळं शुल्क लागे, म्हणून ही मर्यादा आली. बऱ्याच कंपन्यांनी ती सगळ्या जगासाठी ठेवली; पॅनासॉनिकने काही मॉडेलांत ती युरोपपुरतीच ठेवली. नाटकाचा अंक किंवा कीर्तन सलग टिपणाऱ्यांनी बॉडी घेण्याआधी हे नक्की विचारा.

रेडिओचे भाग: इथे खरंच काही कमी असू शकतं

आतापर्यंतच्या बहुतेक फरकांना उपाय होता. वायरलेसच्या बाबतीत बऱ्याचदा तो नसतो, कारण यंत्रात तो भागच बसवलेला नसतो किंवा वेगळ्या लहरीवर चालतो. कॅननचं ६डीचं मॅन्युअल उघडलंत तर ‘डब्ल्यूजी’ आणि ‘एन’ असे दोन प्रकार दिसतील. ‘एन’मध्ये वाय-फाय आणि जीपीएस नाही. ७०डीमध्येही ‘डब्ल्यू’ आणि ‘एन’ आहेत. ‘एन’ बॉडीवर वाय-फायची नोंद शोधत बसू नका. ६००ईएक्स-आरटी फ्लॅशचा भाऊ ६००ईएक्स आहे: ज्या देशांत त्या रेडिओला परवानगी नव्हती तिथे तो विकला गेला आणि त्यात रेडिओ नाही. वापरलेला फ्लॅश घेताना नावाच्या शेवटी ‘आरटी’ आहे का ते बघाच.

पॉकेटविझार्ड कंपनीचे ट्रिगर (लांबचा फ्लॅश रेडिओने उडवणारी यंत्रं) अमेरिकेत ३४० मेगाहर्ट्झच्या आसपास आणि युरोपात ४३३ वर चालतात. एक अमेरिकेचा आणि एक युरोपचा घेतला तर ते एकमेकांशी कधीच बोलणार नाहीत. वायरलेस माइकचे संचही देशाप्रमाणे वेगळ्या पट्ट्यांत येतात, म्हणून ट्रान्समीटर आणि रिसीव्हर जोडीनेच घ्या. याउलट, २००डी मार्क टू वर साधे ट्रिगर चालत नाहीत, कारण कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेत मधला संपर्कबिंदूच नाही. ते सगळ्या देशांत तसंच आहे. बॉडी बदलून मागण्यात अर्थ नाही.

घेण्याआधी दुकानात काय बघायचं

भारतात रीतसर आलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला किंवा चिकटवलेला असतो. २०११ च्या वजनमापांच्या नियमांनुसार हे बंधनकारक आहे. खोक्यावरचा अनुक्रमांक आणि तळाच्या पट्टीवरचा अनुक्रमांक एकच आहे का ते स्वतः जुळवा. बिलावर तोच क्रमांक लिहून घ्या.

बॉडीची वॉरंटी बहुतेक वेळा खरेदीच्या देशापुरती असते. जपानचं वॉरंटी कार्ड जपानमध्येच चालतं आणि त्यावर तिथल्या दुकानाचा शिक्का लागतो. त्यामुळे बाहेरून आणलेला कॅमेरा इथे बिघडला तर दुरुस्ती पैसे देऊनच होईल असं धरून चला. किमतीतला फरक त्या जोखमीला पुरतो का, हा हिशोब आणणाऱ्याला निरोप देण्याआधी करायचा. सर्व्हिस सेंटरला फोन करताना मॉडेलचं बाजारपेठेचं नाव, अनुक्रमांक आणि खरेदीचा देश आधीच सांगा. त्यांच्याकडची सुट्या भागांची यादी त्या नावाने लावलेली असेल तर शोध लवकर लागतो.

नातेवाइकाला कॅमेरा आणायला सांगताय, तर त्यांना या चार गोष्टींचे फोटो दुकानातूनच पाठवायला सांगा: खोक्याचं लेबल, भाषांची यादी, व्हिडिओ सिस्टिमची नोंद आणि चार्जरची मागची बाजू. मराठी किंवा इंग्रजी मॅन्युअल मागू नका. इंग्रजीतलं कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. फक्त उतरवताना तुमच्या बॉडीवर जे नाव आहे त्याच नावाचं घ्या, आणि कुणी पान क्रमांक सांगितला तर तो दुसऱ्या आवृत्तीचा असू शकतो म्हणून विषयाचं शीर्षक शोधा.